निकाल राखून ठेवला आहे

मी चौथी शिकलो. पाचवीच्या वर्गात आठ दिवस बसलो, मग मामाच्या गॅरेजात पत्रा ठोकायला लागलो. त्यानंतर पेन हातात धरलं ते सही करण्यापुरतं. तेव्हा हे जे मी वहीत लिहीत बसलोय ते हौसेने नाही. एका माणसाने लिहायला लावलंय. तो माणूस आता घाटकोपरात राहत नाही, त्यामुळे वर जाऊन त्याला चार शब्द सुनवायचीही सोय राहिली नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुनेने बघितलंय. बाकी सगळं माझं.

गौतम खरात त्याचं नाव. पंतनगरच्या आमच्या बिल्डिंगीत मी तळमजल्याला, तो दुसऱ्या मजल्याला. मूळ जालन्याकडचा. बस डेपोत टाइमकीपर होता. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या आणि स्वतः सायकलीपलीकडे काही चालवलं नाही. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा, म्हणजे हातात कागद असला तरी वेळ दिसते. शर्टाच्या खिशात पेन दोन. एक बंद पडलं तर म्हणून दुसरं.

"नोंद नाही म्हणजे झालं नाही," हे त्याचं वाक्य. पाण्याचा टँकर गेटात शिरला की गॅलरीतून वाकून वेळ लिहून घ्यायचा. टँकरवाल्याला वाटायचं हा म्युनिसिपालटीचा माणूस, तो बिचारा सलाम करायचा. सुमनवहिनी सांगायच्या, आमटी खारट झाली तरी हा माणूस तोंड वाकडं करत नाही, "नोंद घेतली" म्हणतो आणि जेवतो. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तेव्हा मी अरे-तुरे करायचो. तो मात्र "भाऊ, तुम्ही". भांडतानासुद्धा "भाऊ, तुम्ही". अशा माणसाशी भांडायला मजा येत नाही.

आणि हा माणूस रिटायर झाल्यावर मोटारींच्या शर्यती भरवायला लागला.

शर्यती कॉम्प्युटरवरच्या. मुलगी बंगळुरूला नोकरीला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर आणि टेबलाला आवळायचं ते खेळातलं स्टिअरिंग घरी राहिलं. दुसऱ्या कोणी माळ्यावर टाकलं असतं. खरातने फडक्याने पुसून चालू केलं आणि त्यात त्याला तो गोल ट्रॅक सापडला. ट्रॅक एवढासा, आपल्या शाळेच्या मैदानाला जरा ताणून अंडाकृती करावं तसा. त्यावर बावीस गाड्या बंपरला बंपर लावून पळतात. दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या, आतून शर्यतीच्या. चालवणारी माणसं आपापल्या घरी बसलेली, कोणी अंधेरीला, कोणी नागपूरला, एक तर दुबईला. गाड्या तेवढ्या एका ट्रॅकवर येतात. आणि वळायचं फक्त डावीकडे. साठ फेऱ्या, सगळ्या डावीकडे.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "अरे खरात, ह्यांना उजवीकडे वळता येत नाही काय?"

"रूट ठरलेला आहे, भाऊ."

त्याने मालिकेला नाव दिलं होतं डावं वळण चषक. बारा रविवारी बारा शर्यती, दुपारी तीनला. प्रत्येक शर्यतीला गुण, शेवटी बेरीज. पहिल्या वर्षी चौथ्या शर्यतीला भांडणं होऊन सगळे पांगले. दुसऱ्या वर्षी सातव्या शर्यतीला. तिसऱ्या वर्षी खरातने मनाशी धरलं की मालिका बाराव्या शर्यतीपर्यंत न्यायची, आणि शेवटचा तक्ता सहीनिशी गेटाजवळच्या नोटीस बोर्डाच्या काचेत लावायचा. त्या बोर्डावर पाणी येणार नाही आणि लिफ्ट बंद आहे याशिवाय कधी काही लागलेलं नाही. पण त्याला तिथेच लावायचा होता. एकतीस वर्षं डेपोत त्याने तक्ते लावले ते सगळे साहेबाच्या सहीचे. हा त्याच्या सहीचा असणार होता.

मी ह्यात कसा अडकलो तेही सांगतो. एके दिवशी तो खाली आला, हातात दोन गाड्यांचा फोटो. म्हणाला, भाऊ, कोणी कोणाला ठोकलं ते सांगा. मी चाळीस वर्षं पत्रा ठोकला. इन्शुरन्सचे सर्व्हेयर मला विचारून कागद भरायचे. मी बघून सांगितलं, हा मागचा दोषी, पत्रा आत कुठून दबलाय बघ. पत्रा खोटं बोलत नाही. खरातने वर जाऊन ती शर्यत पुन्हा लावून पाहिली तर तसंच. दुसऱ्या दिवशी त्याने मला कागदावर नेमणूक आणून दिली. पंच. नियम अडतिसावा: पंचाचा निकाल अंतिम, तो फक्त पंचच बदलू शकतो, आणि तोही लेखी.

नियम एकंदर एक्केचाळीस होते. पहिला असा, की शर्यत तीन वाजता सुरू होईल म्हणजे तीन वाजता सुरू होईल. एकदा दुबईवाला दोन मिनिटं उशिरा आला, माईकवर गयावया करायला लागला. खरात म्हणाला, गाडी गेली, पुढच्या रविवारची धरा.

ट्रॅकवर अपघात झाला की पिवळा झेंडा लागतो. मग सगळ्यांनी एका संथ गाडीच्या मागे ओळीने चालायचं, ट्रॅक मोकळा होईपर्यंत. ती संथ गाडी खरात स्वतः चालवायचा. ताठ बसून, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जशी काही खरोखरची साठ माणसं मागे बसलीत. जोवर प्रत्येक गाडी आपल्या नंबराने उभी नाही तोवर हा बाजूला व्हायचा नाही. कोण कुठे होता ह्यावर माईकवर वाद, खरात वहीत बघणार, आणि ह्या पिवळ्या फेऱ्याही साठात मोजल्या जातात. एका रविवारी साठातल्या चौतीस फेऱ्या खरातच्या मागून झाल्या. नागपूरवाला म्हणाला, सर, मी उठून भाजी चिरून आलो, अजून आपण तिथेच आहोत. आतून सुमनवहिनींचा आवाज, "ह्यांच्यामागून वरात काढली असती तर नवरा पोचेपर्यंत म्हातारा झाला असता." तो आवाज माईकमधून बावीस घरांत गेला. सगळे हसले. खरात हसला नाही. तो सतरा नंबरच्या गाडीला मागे घेत होता.

पण ह्या सगळ्याच्या वरताण म्हणजे जबाब. डेपोत बस ठोकली की ड्रायव्हरने आपल्या हाताने जबाब लिहून द्यायचा असतो. खरातने तो नियम इथे लावला. टक्कर झाली की दोघांनीही कागदावर, स्वतःच्या अक्षरात, काय झालं ते लिहायचं आणि कागदाचा फोटो पाठवायचा. त्याशिवाय पंच निकाल देणार नाही. आता ही सगळी कॉम्प्युटरवर बोटं चालवणारी माणसं. अंधेरीचा परेश म्हणून एक होता, कुठल्याशा कंपनीत साहेब. त्याने पहिल्यांदा नुसतं "सॉरी बॉस" पाठवलं. खरातने तांबड्या पेनाने त्याच्यावर लिहिलं, सॉरी हा जबाब नव्हे, आणि परत केलं. तीनदा परत केलं. चौथ्यांदा परेशने दीड पान लिहून दिलं, "माझी गाडी नेमस्त वेगात असता" वगैरे. खरात मला ते वाचून दाखवायचा, एकाच सुरात, स्वल्पविरामाला थांबून. मी म्हणायचो, अरे खरात, खेळ आहे, त्यात कोणाचं रक्त आलं नाही. तो म्हणायचा, "नाही आलं. पण दोष कोणावर तरी येतोच ना, भाऊ. मग ज्याच्यावर येतो त्याला बोलू द्या."

ही वाक्यं मला तेव्हा नुसती डोकं उठवणारी वाटायची.

तिसऱ्या वर्षीची नववी शर्यत. गुणांत पहिली होती मनोरीची अश्विनी तांडेल, दुसरा परेश. ही अश्विनी बोरिवलीला बँकेत कॅशियर, राहायला मनोरीला. गाडी चालवायची ती झकास, आत घुसली की कोणाच्या बापाला आवरायची नाही. पन्नासाव्या फेरीला ती परेशच्या आतल्या बाजूने घुसली. परेश गरगर फिरला, भिंतीला जाऊन बसला. ती पहिली आली.

दोघांचे जबाब आले. परेश म्हणाला, ठोकलं. अश्विनीने चारच ओळी लिहिल्या की मी लागलेच नाही, मधे जागा होती. मी पत्रा बघितला. परेशचा डावा मागचा मडगार्ड आत गेलेला, हिचा उजवा पुढचा कोपरा चेपलेला. कुठल्याही डेंटरच्या पोराने सांगितलं असतं. मी निकाल दिला, तिला शेवटच्या नंबरावर टाका.

बोंबाबोंब झाली. अर्धे अश्विनीच्या बाजूने, अर्धे परेशच्या. तिघे तर मालिका सोडूनच गेले. खरात दोन दिवस फोनवर होता. एकेकाला फोन करून दहाव्या शर्यतीला या म्हणून सांगायचा, प्रत्येकाची नोंद करायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा, पायात बूट, हातात पिशवी. म्हणाला, चला मनोरीला.

"कशाला?"

"अपघाताच्या जागी गेल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही."

मी त्याला समजावून सांगितलं की अपघात कॉम्प्युटरात झालाय, त्याला जागा नाही. तो म्हणाला, तिची जागा मनोरीला आहे. असल्या माणसाबरोबर वाद घालून काय करणार? मेट्रोने अंधेरी, मग मालाड, मालाडहून बसने मार्वे. बस चार मिनिटं उशिरा सुटली ती त्याने लिहून घेतली. मार्वेला जेट्टीवर उन्हात उभे. पलीकडे मनोरी दिसतेय, मधे खाडी, आणि मी एका खेळातल्या मडगार्डासाठी होडीची वाट बघतोय. माझं गुडघ्याचं दुखणं मी त्याला सविस्तर ऐकवलं. "नोंद घेतली," म्हणाला.

अश्विनीच्या घरी तिच्या आईने चहा आणि तळलेले बोंबील पुढे केले. बँकेत रजा टाकून ती पोरगी बसली होती. चिडलेली होती, पण बोलली नीट. तिच्याकडे तिच्या स्वतःच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग होतं. ते लावलं. पन्नासावी फेरी. ती आत घुसली, परेशच्या बाजूने गेली, आणि दोन गाड्यांच्या मधून सरळ पलीकडची भिंत दिसत होती. वीतभर तरी जागा. ती पुढे निघाली, परेश मागे आपल्या आपण फिरला.

"इथलं नेट खाडीपलीकडनं येतं, काका," ती म्हणाली. "मधेच अडकतं. अडकलं की माझी गाडी नेमकी कुठे आहे ते तुमच्या कॉम्प्युटरला कळत नाही. तो अंदाजाने दाखवतो. त्याच्या अंदाजाने लागली. मग पत्राही त्यानेच चेपून दाखवला."

मी ते तीनदा लावायला सांगितलं. तिन्ही वेळा भिंत दिसली. आयुष्यात मी पत्र्याला विचारून निकाल दिले आणि हा पत्रा कोणी ठोकलेलाच नव्हता, मशिनने मनाने काढला होता. खरात माझ्याकडे बघत होता. अश्विनी बघत होती. तिची आईसुद्धा, पदराला हात पुसत.

मी म्हटलं, बोंबील चांगले आहेत.

परतीच्या होडीत खरातने पिशवीतून फुलस्केपचा कागद काढला आणि दोनातलं एक पेन. म्हणाला, पंचांनी जबाब द्यावा, की निकाल बदलतो. मी म्हटलं घरी गेल्यावर बघू. मग म्हटलं, तूच लिही ना, तुझं अक्षर चांगलं आहे, मी खाली सही ठोकतो. तेव्हा पहिल्यांदा मी ह्या माणसाचा चेहरा बदललेला बघितला.

"ते मी करणार नाही, भाऊ."

मग त्याने सांगितलं. त्याचे वडील जालन्याला एका गोदामावर राखणदार होते. माल गेला. मुकादमाने जबाब लिहिला, वाचून न दाखवता वडिलांचा अंगठा घेतला. त्यात काय लिहिलं होतं ते त्यांना नोकरी गेल्यावर कळलं. चोर म्हणून गाव सोडावं लागलं. "मरेपर्यंत म्हणायचे, मी असं बोललोच नव्हतो. कागद दुसऱ्याच्या हातचा होता. तेव्हापासून आमच्या घरात ज्याचा जबाब त्याने लिहायचा. एक ओळ असली तरी."

होडी धक्क्याला लागली. कागद मी घडी करून खिशात ठेवला.

दहावी शर्यत झाली. अकरावी झाली. दर रविवारी पावणेतीनला खरात माईकवर सांगायचा, "नवव्या शर्यतीबाबत पंचांचा जबाब यायचा आहे. तोवर तो निकाल राखून ठेवला आहे." एवढंच. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही, खुलासा नाही. मी शेजारी खुर्चीत बसलेला. त्याने एकदा तरी ओरडायला हवं होतं. मी म्हटलं असतं जा, नाही देत. पण तो ओरडला नाही आणि अश्विनीही. ती दर रविवारी येत होती, चालवत होती, कोणाला लागत नव्हती.

बारावी शर्यत झाली. एकोणीस गाड्या होत्या, पण झाली. शेवटच्या फेरीनंतर सगळे निघून गेले तरी खरात आपली संथ गाडी घेऊन ट्रॅकवर एकटा एक फेरी फिरला, डावीकडे, डावीकडे, आणि आत आणून उभी केली. वेळ लिहिली. मग गुण मांडले. माझा निकाल धरला तर परेश पहिला येत होता, काढला तर अश्विनी. खरातने सगळा तक्ता सुरेख अक्षरात केला, खाली सही केली, आणि पहिल्या दोन नंबरांच्या जागी लिहिलं, निकाल राखून ठेवला आहे. चषक म्हणून मीच जुन्या गाडीची एक व्हीलकॅप घासून चकाकवून दिली होती. ती त्याच्या घरी बुद्धाच्या मूर्तीशेजारी नाव न घालता पडून राहिली.

तक्ता बोर्डावर लागला. मला दूध आणायला जाताना रोज दिसायचा. तीन वर्षं राबून त्याने एक मालिका पुरी केली आणि तिला डोकं नव्हतं, ते माझ्या खिशात होतं.

लोक म्हणतील, दोन ओळी लिहायला काय झालं होतं. सांगतो. तो जबाब माईकवर वाचला जाणार होता. कागदाचा फोटो सगळ्यांना जाणार होता. माझं अक्षर चौथीतल्या पोराचं आहे. ज्यांना मी एवढे दिवस दोष वाटून दिले त्या कंपन्यांतल्या साहेबांनी ते बघायचं, आणि त्यात मी काय लिहिणार, तर माझी चूक झाली. मी कागद चार वेळा उलगडला. चारही वेळा घडीवरून तो जास्त मळला, एवढंच.

मग बिल्डिंग पाडायला द्यायचं ठरलं. सगळ्यांना बाहेर पडायचं होतं. खरातची मुलगी म्हणाली बंगळुरूला या. निघायच्या सकाळी मी गेटावर गेलो. टॅक्सीत सामान भरलं होतं, स्टिअरिंग चादरीत गुंडाळून वहिनींच्या मांडीवर. बोर्डावरचा तक्ता त्याने काढला नव्हता. मी म्हटलं, हा ने की तुझा. तो म्हणाला, पुरा झालेला नाही. मग त्याने ती व्हीलकॅप माझ्या हातात दिली.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जाताना तरी ह्यांच्यावर ओरडा. त्याशिवाय मला निघाल्यासारखं वाटायचं नाही."

मला ओरडता आलं नाही. मी खिडकीशी वाकलो आणि म्हटलं, "खरात, पत्रा चुकला."

त्याने माझ्याकडे बघितलं. वाटलं आता हात धरेल.

"तोंडी चालत नाही, भाऊ," तो म्हणाला. "लेखी द्या. सवडीने द्या. पण द्या."

मग त्याने मनगट उलटं करून घड्याळ बघितलं, खिशातून वही काढली आणि आपल्याच सुटण्याची वेळ लिहिली. ड्रायव्हरला मान हलवून सांगितलं, सोडा. टॅक्सी गेटातून बाहेर पडून डावीकडे वळली. मागच्या काचेतून त्याचं डोकं दिसत होतं, खाली वाकलेलं. अजून काहीतरी लिहीत होता.

तेव्हा लिहून देतो, की नवव्या शर्यतीत अश्विनी तांडेल हिची गाडी परेशच्या गाडीला लागली नाही. मी मनोरीला जाऊन डोळ्यांनी बघितलं आणि बघूनही सांगितलं नाही. दोष माझा. अक्षर माझं. व्हीलकॅप घेऊन उद्या मार्वेच्या होडीने जातो आहे.

दत्ताराम पेडणेकर, पंच